बटाट्यांवरची चिठ्ठी

ती चिठ्ठी मी वाचली होती. हे आधी सांगून टाकतो, कारण सरांविषयी मी पुढे जे लिहिणार आहे त्यात तक्रारीच फार आहेत आणि त्या वाचता वाचता कुणालाही माझी बाजू पटायला लागेल. सर होतेच तसे. त्यांच्याबरोबर सहा वर्षं एका स्टाफरूममध्ये काढलेल्या माणसाला दुसरं काही आठवणं कठीण आहे. पण नोकरी त्यांची गेली आणि ती माझ्यामुळे गेली.

हैदराबादेतल्या एका खासगी कॉलेजात आम्ही इंटरच्या मुलांना, म्हणजे अकरावी-बारावीला, शिकवायचो. मेडिकलच्या सीटसाठी आईबाप वेडे व्हायला नुकती सुरुवात झाली होती. दर महिन्याला कुठेतरी नव्या कॉलेजचा बोर्ड लागायचा, त्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. आमच्या सगळ्या स्टाफमध्ये मराठी माणसं दोनच, सर आणि मी. त्यामुळे ते काहीही करोत, लोक माझ्याकडे यायचे. ‘तुमारे वो सर’ असंच त्यांचं नाव पडलं होतं. मी त्यांचा कुणीही नव्हतो, पण हे सांगून सांगून मी थकलो होतो.

सर वनस्पतिशास्त्र शिकवत, मी प्राणिशास्त्र. त्यांचा तास संपला की त्याच वर्गावर माझा तास. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात बगलेत बेडकाच्या रक्ताभिसरणाचा तक्ता धरून मी दारात उभा असे आणि आत सर पोरांना गाजर दाखवत असत. घंटा होऊन दहा मिनिटं झालेली. मी खाकरायचो. सर माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “ये ये, तूपण बघ.” जणू मी उशिरा आलेला विद्यार्थीच.

त्यांना वेड होतं ते लवकांचं. लवकं म्हणजे वनस्पतीच्या पेशीतल्या बारीक पिशव्या, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हिरवी ती हरितलवकं, ती उन्हात झाडाचं अन्न तयार करतात. लाल, पिवळी, नारिंगी ती वर्णलवकं, ती फुलाफळांना रंग देतात. ज्यांना रंगच नाही ती अवर्णलवकं, ती साठा करतात, कुणी पिठूळ सत्त्वाचा, कुणी तेलाचा, कुणी प्रथिनांचा. झालं. पाठ्यपुस्तकात दीड पान होतं. सर त्या दीड पानाला तीन आठवडे लावत.

“प्रकार काय, कुणीही पाठ करील,” ते म्हणायचे. “हे एकमेकांत बदलतात, ती खरी गंमत आहे. हिरवी मिरची लाल होते म्हणजे काय होतं? पेशी तीच, लवक तेच. कपडे बदलतं.”

हे ते वर्गात म्हणाले असते तर मी काही म्हणालो नसतो. गौलीगुड्याच्या बस स्टँडबाहेर मिरची भजी खाताना त्यांनी एकदा भजं उघडलं, बेसन बाजूला काढलं आणि आतली मिरची बोटांत धरून गाडीवाल्याला विचारलं, “मियाँ, इसमें आधी लाल वाली है क्या? कच्ची?” गाडीवाल्याने बिचाऱ्याने टोपली उपसून एक अर्धी लाल, अर्धी हिरवी मिरची शोधून दिली. सरांनी ती उजेडात धरली. माझ्याकडे तोंड केलं. आमची बस आली आणि गेली. पुढचीही गेली. घरी बायको विचारायची, आज काय झालं? मी म्हणायचो, मिरची.

माणसांनाही ते हीच नावं द्यायचे. आमचे प्रिन्सिपॉल वर्णलवक: रंग भरपूर, कामाचं नाव नाही. मला म्हणायचे, “तू अवर्णलवक आहेस. आत साठा आहे, पण रंग कुठला चढेल ते अजून कळत नाही.” मी हसायचो. ते मला आवडत नसे.

एन्ट्रन्सला एका ओळीचे, चार पर्यायांचे प्रश्न असत. त्यांना आमच्याकडे बिट्स म्हणायचे. रोज सकाळी मुलांना पन्नास बिट्स सोडवायला लागत. एकदा प्रश्न होता: बटाट्यात कोणते लवक असते? उत्तर अवर्णलवक, सगळ्या वर्गाचं बरोबर आलं. सरांनी सगळ्यांचा मार्क कापला आणि फळ्यावर लिहिलं, ‘कुठे ठेवलेला बटाटा?’ एका मुलीने तो प्रश्न सोडून दिला होता, तिला पूर्ण मार्क. दुसऱ्या दिवशी चार पालक माझ्या टेबलासमोर उभे.

“वो तुमारे सर कू समझाओ ना साब,” त्यातले एक म्हणाले. “बच्चे का एक मार्क मतलब एक हजार रँक नीचे.”

मी सरांना समजावायला गेलो. ते म्हणाले, “अरे, पण बटाटा उन्हात ठेवला तर हिरवा होतो की नाही? मग त्यात हरितलवक आलं की नाही? खोटं उत्तर मी बरोबर कसं देऊ?”

“सर, पेपरात तसं विचारलेलं नाही.”

“मग पेपर चुकलाय.”

मी परत पालकांकडे गेलो.

मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांचाही असाच घोळ. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, हा त्यांचा नियम. पोरगा निष्कर्ष आधी लिहून मोकळा झाला की सर वही परत करत. पण चूक कुठे आहे ते कधी स्वतः लिहीत नसत. लाल पेन हे त्यांच्याकडे नव्हतंच. “दुसऱ्याच्या वहीत मी लिहीत नाही,” ते म्हणत. “ज्याने पाहिलं त्याने लिहायचं. ज्याचं चुकलं त्याने खोडायचं.” एकेक वही चार चार वेळा परत जायची. परीक्षेच्या तोंडावर बाकी सगळ्या विषयांच्या वह्या सह्या होऊन कपाटात, आणि सरांच्या टेबलावर ढीग.

आणि चिठ्ठ्या. सर आपल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावत. छत्रीला ‘ही गळते’. खुर्चीला ‘मागचा डावा पाय आखूड’. पाण्याच्या तांब्याला ‘पाणी कालचे’. ग्लिसरीनच्या बाटलीला ‘पिऊ नये’. एकदा माझ्या डब्याला ‘झाकण नीट बसत नाही’ अशी चिठ्ठी लावलेली सापडली तेव्हा मी खरोखर चिडलो. आणि सगळ्या चिठ्ठ्या मराठीत, ठळक वळणदार अक्षरात. सरांची शाळा इथलीच, पण मराठी. हात मराठीतच चालतो, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा विचारलं, “सर, इथे मराठी वाचतं कोण?”

“तू वाचतोस की,” ते म्हणाले.

आमच्या घरी ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हाची गोष्ट. बायकोने बटाट्याची टोपली खिडकीत ठेवली होती. सर पाटावर बसायच्या आधी स्वयंपाकघरात शिरले.

“सूनबाई, हे इथे कशाला?”

“हवा लागावी म्हणून.”

“हवा लागू दे, उजेड नको.” त्यांनी टोपलीतून तीन बटाटे निवडून बाजूला काढले. त्यांच्यावर हिरवट झाक होती. “हे टाकून दे. बटाटा हिरवा झाला की त्यात विष वाढतं. पोटात ढवळतं, उलट्या होतात. फार खाल्ले तर दवाखाना.” मग टोपली उचलून पलंगाखाली अंधारात सरकवली आणि हात न धुता पानावर बसले. तीन चांगले बटाटे टाकायला लावले म्हणून मी रात्रभर कुरकुरत होतो. बायको म्हणाली, “पण सांगितलं ते बरं झालं.”

हे मुद्दाम लिहितो आहे. मी प्राणिशास्त्राचा माणूस, मला बटाट्याचं काय कळतं, असं पुढे मी स्वतःला समजावत आलो. ते खरं नव्हतं. माझ्या घरी, माझ्या समोर, मला सांगितलेलं होतं.

त्या वर्षी कॉलेज नव्या मालकांच्या हातात जाणार होतं. त्यांची आणखी तीन कॉलेजं होती, सगळी एअर कंडिशनरवाली. दसऱ्याच्या सुट्टीत ते बघायला येणार होते. प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. सायन्स विभागाचा इन्चार्ज म्हणून एकाचं नाव पुढे जाणार आहे, ते माझं असू शकेल, असं त्यांनी सुचवलं. बायकोला सातवा महिना लागला होता. “लॅब साफ करा दो,” ते म्हणाले. “तुमारे सर का सब कचरा निकाल दो. वो नक्को, मालकां के सामने.”

प्रयोगशाळेच्या खिडकीत सरांनी बटाटे मांडले होते. वर्गातल्या प्रत्येक मुलाचा एक. मुलांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काळ्या कागदात कापून बटाट्यावर चिकटवलं होतं. बाकीचा बटाटा उजेडात हिरवा होईल, कागदाखालचा भाग पांढरा राहील, आणि सुट्टीनंतर कागद काढला की प्रत्येकाचं अक्षर त्याच्या त्याच्या बटाट्यावर उमटलेलं दिसेल, असा तो बेत. सर सुट्टीला जाताना पोरांइतकेच खुशीत होते. ट्रेच्या कडेला डिंकाने चिठ्ठी लावलेली: ‘खाऊ नये. दसऱ्यानंतर पाहणे.’

मी ती वाचली. वाचून माझं डोकं फिरलं. बटाट्यांनाही चिठ्ठी. जसं काही ग्लिसरीन प्यायला लोक टपलेले असतात, तसं प्रयोगशाळेतले बटाटे खायला. हा माणूस जगाला काय समजतो, असं मनात म्हणत मी ती चिठ्ठी ओढून काढली आणि खिशात कोंबली. बटाट्यांवरचे काळे कागद सोलून टाकले. बटाटे पोत्यात भरले. फेकून द्यायचे होते, पण कचऱ्याची गाडी सुट्टीमुळे येत नव्हती, आणि पोतं मागच्या दारात मालकांना दिसलं असतं. हॉस्टेलचा स्वयंपाकी तिथून चालला होता. “सारू, आलू फेकते क्या?” त्याने विचारलं. मी म्हणालो, “ले जाओ.”

एवढंच झालं. दोन मिनिटांचं काम होतं ते. ती दोन मिनिटं मी सरांवर चिडलेला होतो, दुसरं काहीही नव्हतं.

हॉस्टेलमध्ये सुट्टीला घरी न गेलेली दहा-बारा मुलं होती. दुपारी सालीसकट बटाट्याची भाजी झाली. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळी ओकत होती. त्यांतल्या चौघांना दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन दिवसांत सगळी बरी झाली, पण ते दोन दिवस काय होते ते मला माहीत आहे.

दुसऱ्याच दिवशी सरांना सुट्टीवरून बोलावून घेतलं आणि चौकशी प्रिन्सिपॉलच्या खोलीत झाली. नवे मालक एका बाजूला बसलेले. सर आत आले ते हातात एक बटाटा घेऊन. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात एक उरलेला त्यांना सापडला होता. हिरव्यागार सालीवर पांढरं, स्वच्छ ‘एस’ अक्षर.

“ये देखो,” सर प्रिन्सिपॉलना म्हणाले, “कैसा अच्छा उठा है. किनारे देखो.”

मला त्या क्षणी त्यांना धरून हलवावंसं वाटलं. पोरं दवाखान्यात, नोकरी टांगणीला, आणि हे कडा दाखवताहेत.

“मास्टर,” प्रिन्सिपॉल म्हणाले, “जहरीले आलू ऐसे खुले में रख के गए आप?”

“चिट्ठी लगाया था.”

“कहाँ है चिट्ठी?”

“ट्रे कू लगाया था. मराठी में.”

“मराठी?” प्रिन्सिपॉल मालकांकडे बघून हसले. “इधर मराठी कौन पढ़ता, साब?”

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण प्रिन्सिपॉलनाच आठवलं. ते माझ्याकडे वळले. “तुम पढ़ते ना? आलू तो तुमीच निकाले. चिट्ठी थी क्या?”

चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. तोच शर्ट नव्हता, पण सकाळी शर्ट बदलताना ती मी या खिशातून त्या खिशात घातली होती. का, ते मला सांगता येत नाही.

“नहीं थी सर,” मी म्हणालो.

सरांनी हातातला बटाटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “मराठीत लावायला नको होती. ते माझं चुकलं.” हे मराठीतच म्हणाले. खोलीत ते मला एकट्यालाच समजलं.

त्यांना त्याच आठवड्यात जायला सांगितलं. घरी जाताना मी सुलतान बाजारच्या स्टॉपवर मध्येच उतरलो, चिठ्ठी बारीक फाडली आणि कापडाच्या दुकानांसमोरच्या गटारात टाकली. बायकोला चौकशीचं सांगितलं तेव्हा तिने निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “हिरवे बटाटे खाऊ नयेत हे तर त्यांनीच आपल्याला सांगितलं. मग त्यांनी चिठ्ठी कशी नाही लावली?” मी आंघोळीला गेलो. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मी इन्चार्ज झालो.

त्यांच्यानंतर आलेल्या तरुण लेक्चररने लवकांचे प्रकार एका तासात संपवले. घंटेला दार उघडायचं, मी तक्ता घेऊन आत जायचो. कुठे अडायचं नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

सर कुठे आहेत ते मला ठाऊक होतं. अंबरपेठेत राहत, घरी शिकवण्या घेत. बसने अर्धा तास. मी पंचवीस वर्षं गेलो नाही. मुलगी झाली, ती इंग्रजी शाळेत शिकली, तिला मराठी नीट वाचता येत नाही, याचं मला दुःख व्हायला हवं. मला एकदा हायसं वाटलं होतं, घरात मराठी चिठ्ठ्या वाचणारं आणखी एक माणूस नको म्हणून. आता ती परगावी नोकरीला आहे.

गेल्या हिवाळ्यात सुलतान बाजारात भाजीच्या गाडीपाशी एक म्हातारा भांडत होता. “मियाँ, आलू धूप में नक्को रखो. बोरी डालो उसपे.” गाडीवाला म्हणत होता, “रोज का है चाचा तुमारा.” आवाज ओळखून मी थांबलो. सरांनी मान वळवली, डोळे बारीक करून मला पाहिलं आणि हातातली पिशवी माझ्यापुढे केली.

“धर,” म्हणाले. “बस येईल आता.”

कसा आहेस नाही, कुठे होतास नाही. मी पिशवी धरली. बसमध्ये त्यांनी मला फ्लॉवरचा गड्डा पांढरा का राहतो ते सांगितलं. माझा स्टॉप मागे गेला, मी उतरलो नाही.

अंबरपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी शिरलो आणि दारातच थबकलो. मिठाच्या बरणीला चिठ्ठी. साखरेच्या डब्याला चिठ्ठी. गॅसच्या नळीला, औषधाच्या बाटलीला, फिनेलला चिठ्ठी. प्रत्येक चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. वर तेलुगू, मध्ये इंग्रजी, खाली मराठी. तेलुगू अक्षर थरथरतं, उशिरा शिकलेल्या माणसाचं.

“हे कधीपासून, सर?”

“तेव्हापासून,” ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

मी वेताच्या मोढ्यावर बसलो. चहा आला. कपालाही चिठ्ठी असेल असं वाटलं, नव्हती.

“सर, तेव्हा माझ्याकडून चूक झाली,” मी म्हणालो.

“कोणती?”

“ती बटाट्यांची. हिरव्या.”

“हिरव्याला काय झालं? हिरवं रोज पालकातून खातोस. विष वेगळं असतं, उजेडाने दोन्ही वाढतात, एवढंच. लवकाचा काही दोष नाही.” त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. “तू आधी निष्कर्ष सांगतोस. पहिल्यापासून तसाच आहेस.”

इतक्या वर्षांनी, त्या क्षणीसुद्धा, माझं डोकं फिरलं. मी माफी मागायला आलो होतो आणि हे माझी वही परत करत होते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“ट्रेच्या कडेला डिंकात कागदाचा पापुद्रा राहिला होता. बघितला मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“दुसऱ्याच्या वहीत मी लिहीत नाही,” सर म्हणाले. “चहा निवतोय. निरीक्षण सांग.”

मी कप खाली ठेवला.

“ट्रेला चिठ्ठी होती,” मी म्हणालो. “मराठीत होती. ‘खाऊ नये. दसऱ्यानंतर पाहणे.’ मी ती पूर्ण वाचली. मला समजली. तुमचा राग आला म्हणून काढून खिशात घातली आणि बटाटे देऊन टाकले. मुलं आजारी पडली. मला विचारलं तेव्हा ती माझ्या खिशात होती आणि मी नव्हती म्हणालो. तुमची नोकरी माझ्या खोट्याने गेली, आणि पुढे पंचवीस वर्षं मला तुमचं घर माहीत होतं. सर, मला माफ करा.”